विश्लेषण : समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवणारा ज्युदो… स्वसंरक्षणाला कितपत कामाचा?

रात्रीची कर्जत लोकल बदलापूरला बरीचशी रिकामी होते. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड करत ती कर्जतला पोहोचते, तेव्हा महिलांच्या डब्यात मोजक्याच प्रवासी उरलेल्या असतात. खोपोलीच्या बाजूला तर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही आणखी लहान आणि शांत स्थानके. स्थानकातून बाहेर पडल्यावर मिळेल ती रिक्षा आणि त्यापुढचा अंधारा रस्ता, हा कर्जत-खालापूरमधल्या अनेक घरांतला रोजचा काळजीचा विषय. ऑगस्ट २०२४ मध्ये याच रेल्वेमार्गावरील बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि ‘मुलींना स्वसंरक्षण शिकवा’ ही मागणी पुन्हा जोरात पुढे आली. अशा वेळी गावोगावी जे शिकवले जाते, त्याला सरसकट ‘कराटे’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यातले हात सोडवण्याचे, तोल घालवण्याचे आणि पाडण्याचे बरेचसे डाव जुजुत्सू आणि त्यातून जन्मलेल्या ज्युदो या जपानी विद्येचे आहेत. ही विद्या आली कुठून, तिचा संकटात खरोखर किती उपयोग होतो आणि कुठे होत नाही, याचा हा आढावा.

जुजुत्सूचा उगम कुठला?

जपानी भाषेत ‘जू’ म्हणजे मऊ, लवचीक, नमते घेणारे. ‘जुत्सू’ म्हणजे विद्या किंवा कसब. सामुराई योद्ध्याचे मुख्य शस्त्र तलवार. पण तलवार हातून पडली, मोडली किंवा उपसायला जागाच मिळाली नाही, तर काय? चिलखत घातलेल्या माणसाला ठोसे मारून उपयोग नसतो. त्याला पाडावे लागते, त्याचा सांधा अडकवावा लागतो, त्याला दाबून धरावे लागते. या गरजेतून वेगवेगळ्या घराण्यांनी आपापले डाव विकसित केले. त्यातले सर्वात जुने ज्ञात घराणे ‘ताकेनोउची’. त्याची स्थापना १५३२ मध्ये झाल्याचे मानले जाते. पुढच्या तीन शतकांत अशी अनेक घराणी उभी राहिली. गाण्यातल्या घराण्यांसारखीच प्रत्येकाची शिकवण वेगळी आणि गुपितेही वेगळी होती.

१८६८ नंतर मेइजी राजवटीत जपान झपाट्याने बदलला. १८७६ मध्ये सामुराईंना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी झाली. योद्ध्यांचा वर्गच मोडीत निघाला आणि जुजुत्सूचे उस्ताद पोटापाण्यासाठी दुसरे काही शोधू लागले. त्यांच्यातले कित्येक जण हाडवैद्य झाले. डाव शिकताना निखळलेले सांधे बसवण्याचे कसब त्यांच्या अंगी होतेच. आपल्याकडेही तालमीतला वस्ताद हाड बसवण्यात वाकबगार असतो, हे कुस्तीच्या गावांना सांगायला नको.

जिगोरो कानो यांनी काय बदलले?

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६० चा, आजच्या कोबे शहराजवळचा. अंगाने किरकोळ, उंची सव्वापाच फुटांहून कमी, अभ्यासात मात्र हुशार. शाळेच्या वसतिगृहात दांडगी मुले त्यांना त्रास देत. दुबळ्या माणसालाही बलवानाला हरवता येईल अशी विद्या आहे, हे त्यांच्या कानावर आले आणि ते गुरू शोधू लागले. हाडवैद्यांच्या पाट्या वाचत त्यांनी हा शोध घेतला. १८७७ मध्ये त्यांना हाचिनोसुके फुकुदा हे गुरू मिळाले. पुढे दोन वेगवेगळ्या घराण्यांचे शिक्षण त्यांनी घेतले. एका घराण्यात जमिनीवरची पकड आणि आघात, तर दुसऱ्यात फेकण्याचे डाव यांवर भर होता.

१८८२ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, कानोंनी तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात १२ चटयांच्या जागेत आणि मोजक्या शिष्यांसह स्वतःची शाळा काढली. तिचे नाव कोडोकान. ‘जुत्सू’ हा शब्द बदलून त्यांनी ‘दो’ म्हणजे मार्ग हा शब्द घेतला. हा बदल केवळ नावापुरता नव्हता. इजा करणारे डाव त्यांनी सरावातून बाजूला काढले आणि पूर्ण जोर लावून, तरीही सुरक्षितपणे झोंबता येईल अशा डावांची मांडणी केली. पडायचे कसे, हे शिक्षण सर्वात आधी ठेवले. आज कराटेपासून तायक्वांदोपर्यंत सगळीकडे दिसणारी पट्ट्यांची आणि ‘दान’ या श्रेणींची पद्धतही कोडोकानमधूनच पसरली. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये कराटे घेऊन तोक्योला आले, तेव्हा कानोंनीच त्यांना कोडोकानमध्ये प्रात्यक्षिकासाठी बोलावले होते. कराटेचा पांढरा पोशाख आणि काळा पट्टा ही ज्युदोचीच उसनवारी.

कानो पेशाने शिक्षक होते. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. ४ मे १९३८ रोजी बोटीने मायदेशी परतताना त्यांचे निधन झाले. १९६४ च्या तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. महिलांच्या ज्युदोला ऑलिम्पिक पदकासाठी १९९२ उजाडावे लागले.

कमी ताकदीचा माणूस जिंकतो तो कसा?

कानो हे तत्त्व साध्या अंकगणिताने समजावत. समोरच्याची ताकद १० आणि माझी ७ आहे. त्याने ढकलले आणि मी आडवा राहिलो, तर मी हरणारच. पण त्याने ढकलताच मी तेवढाच मागे सरलो, तर त्याचा जोर हवेत जातो आणि तो पुढे झुकतो. तोल गेलेल्या त्या क्षणी त्याची ताकद ३ वर येते, माझी मात्र ७ च राहते. आता त्याला पाडायला मला माझी निम्मी ताकदही पुरते.

खालापूरकरांना हे तत्त्व परके वाटू नये. फेब्रुवारी १६६१ मध्ये शायिस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन बोरघाटाच्या परिसरातून कोकणात उतरू लागला. शिवाजी महाराजांनी त्याला घाटमाथ्यावर अडवले नाही, खाली उतरू दिले. चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत, अरुंद वाट आणि दाट रान अशा ठिकाणी, फौजेचा मोठेपणाच तिला अडचणीचा ठरला. खान शरण आला. युद्ध आणि द्वंद्व या वेगळ्या गोष्टी आहेत. पण मोठ्या जोराला समोरून न भिडता त्याला त्याच्याच ओझ्याने अडकवायचे, ही समज दोन्हींकडे सारखीच.

ज्युदोचा प्रत्येक डाव तीन टप्प्यांत चालतो. आधी तोल घालवणे, मग आपले शरीर नेमक्या जागी नेणे आणि शेवटी फेक. नवशिके थेट फेकायला जातात आणि फसतात, कारण तोल न गेलेला माणूस खांबासारखा असतो. आपल्या कुस्तीतले जाणकार हे लगेच ओळखतील. समोरच्याला खांद्यावरून पुढे आपटणारी धोबीपछाड ज्युदोतल्या खांद्याच्या फेकीच्या जवळची, तर खांद्यांवर आडवे उचलून टाकणारी कलाजंग ‘काता-गुरुमा’च्या जवळची. ही काता-गुरुमा कानोंनी स्वतःपेक्षा खूप वजनदार सोबत्याला हरवण्यासाठी पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकात शोधून काढली, असे सांगितले जाते. फरक आहे तो कपड्यांचा. कुस्तीत लंगोट असतो, ज्युदोत जाड डगला. त्याची कॉलर आणि बाही हीच पकडायची मूठ.

स्त्रियांच्या स्वसंरक्षणाशी नाते कधीपासून?

हे नाते शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याचा सर्वात ठळक अध्याय लंडनमध्ये घडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मताधिकारासाठी लढणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना सभांमध्ये धक्काबुक्की सोसावी लागे. पोलीसही अंगावर हात टाकत. एडिथ गॅरूड या जेमतेम ४ फूट ११ इंच उंचीच्या बाईंनी या कार्यकर्त्यांना जुजुत्सू शिकवायला सुरुवात केली. १९१३ मध्ये उपोषणानंतर सुटलेल्या स्त्रियांना पुन्हा अटक करण्याची मुभा देणारा कायदा आला. तेव्हा नेत्यांच्या रक्षणासाठी सुमारे ३० स्त्रियांचे पथक उभे राहिले आणि गॅरूडबाईंनी ते तयार केले. या स्त्रिया पायघोळ झग्याखाली जे लाकडी हत्यार लपवत, ते होते ‘इंडियन क्लब’, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या आखाड्यांतून उचलून नेलेल्या मुद्गलाचे धाकटे रूप.

खुद्द कोडोकानमध्ये स्त्रियांना प्रवेश १८९३ पासून मिळत होता आणि १९२६ मध्ये त्यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पण दरवाजा अर्धाच उघडा होता. कानोंचे पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको फुकुदा १९३५ मध्ये तिथे शिकायला आल्या. उंची पाच फुटांपेक्षा कमी. केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना पाचव्या दानवर अनेक वर्षे थांबावे लागले. अखेर २०११ मध्ये, अठ्ठ्याण्णव्या वर्षी, अमेरिकेत त्यांना दहावा दान मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या महिला.

कोडोकानने १९४३ मध्ये स्त्रियांसाठी स्वसंरक्षणाची खास मालिका बांधली आणि १९५६ मध्ये २१ डावांची ‘गोशिन जुत्सू’ ही मालिका तयार केली. मनगट धरणे, मागून मिठी मारणे, कॉलर पकडणे, तसेच काठी, सुरी आणि पिस्तूल अशा हल्ल्यांवरचे उपाय त्यात आहेत.

भारतात ही विद्या कशी आली?

तिला आणले रवींद्रनाथ ठाकूर यांनी. १९०५ मध्ये जिन्नोसुके सानो हे जपानी शिक्षक शांतिनिकेतनात आले. १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कोडोकानचे शिंझो ताकागाकी आले. त्यांच्याकडे मुलीही शिकत. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या आई अमिता सेन या शांतिनिकेतनात ज्युदो शिकलेल्या मुलींपैकी एक. साडी नेसणाऱ्या मुली दणादण पडायला आणि पाडायला शिकतात, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

महाराष्ट्राला अंगबळाची विद्या नवी नव्हती. लाठी, बोथाटी, फरी-गदका, बिनोट, मल्लखांब आणि कुस्ती यांची परंपरा तालमींतून चालत आली होती. पण या तालमींची दारे मुलींसाठी क्वचितच उघडी असत. ज्युदो शाळा, पोलीस दल आणि क्रीडा संकुलांच्या वाटेने आला आणि त्यात मुलींना सुरुवातीपासून जागा मिळाली, हा त्याचा मोठा फायदा. मुंबईचे कावस बिलिमोरिया यांनी या खेळात ऑलिम्पिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताला ज्युदोत तीन पदके मिळाली. त्यातली दोन रौप्यपदके सुशीला देवी आणि तुलिका मान या महिलांची. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने दृष्टिबाधितांच्या ज्युदोत कांस्यपदक मिळवले. दृष्टिबाधितांचा ज्युदो एकमेकांची पकड घेऊनच सुरू होतो, कारण समोरच्याचा तोल डोळ्यांपेक्षा हातांना आधी कळतो. अंधाऱ्या रस्त्यावरच्या माणसासाठी ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

मैदानातला ज्युदो आणि रस्त्यावरचा बचाव यांत फरक काय?

फार मोठा. स्पर्धेत वजनगट असतात, पंच असतो, खाली गादी असते आणि समोर एकच माणूस असतो. रस्त्यावर यातले काहीच नसते. स्पर्धेचे नियमही बदलत गेले. २०१० नंतर थेट पाय धरून पाडण्यावर निर्बंध आले. लाथा-बुक्क्या तर स्पर्धेत कधीच नव्हत्या. त्यामुळे केवळ पदकासाठी तयार झालेल्या खेळाडूला अचानक आलेली थप्पड चुकवण्याचा सराव नसतो.

हत्यार, दोन किंवा अधिक हल्लेखोर आणि दारूच्या नशेतला भारी माणूस या तीन प्रसंगांत कोणताही प्रामाणिक शिक्षक ‘लढा’ असे सांगणार नाही. सुरी दाखवून कोणी पर्स मागत असेल, तर पर्स द्यावी. मालिकेतला सुरीवरचा डाव वर्षानुवर्षे सराव केलेल्या माणसालाही नेमक्या क्षणी जमेल याची खात्री नसते. स्वसंरक्षणात जिंकणे म्हणजे समोरच्याला लोळवणे नव्हे. सुखरूप घरी पोहोचणे म्हणजे जिंकणे.

मग प्रत्यक्षात नेमका कशाचा उपयोग होतो?

पहिला उपयोग पडण्याच्या कलेचा. माणूस पडताना आपोआप तळहात टेकवतो आणि मनगट मोडून घेतो किंवा डोके आपटतो. ज्युदोत हनुवटी छातीला लावून डोके वाचवायचे, पाठ गोल ठेवायची आणि सगळ्या हाताने जमिनीवर थाप मारून धक्का वाटून घ्यायचा, हे शेकडो वेळा घोटून घेतात. ढकलून दिल्यावर ज्याचे डोके आपटत नाही, त्याला उठून पळता येते. आणि हल्लेखोर आयुष्यात कधीच भेटला नाही, तरी पावसाळ्यात भाताच्या बांधावरून, शेवाळलेल्या पायरीवरून किंवा फलाटावर पाय घसरायचा तो घसरतोच. नेदरलँड्समध्ये वृद्धांच्या पडझडीवरील प्रशिक्षणात याच तंत्राचा वापर झाला आहे.

दुसरा उपयोग पकड सोडवण्याचा. कोणी मनगट धरले, तर मागे खेचून उपयोग नसतो. तो जोराला जोर झाला. धरणाऱ्याच्या मुठीत अंगठा आणि बोटे जिथे भेटतात, ती तिची कच्ची बाजू. आपले कोपर त्याच्या दिशेने नेत, मनगट त्या फटीच्या बाजूने वळवून काढले, तर पकड सुटते. मागून कवळ घातली, तर आधी पाय फाकवून खाली बसल्यासारखे व्हायचे, म्हणजे उचलून नेणे अवघड होते. ओढणी ओढली गेली, तर ती सोडून द्यायची. हे वाचून जमत नाही. जोडीदार खरोखर जोर लावत असताना करून पाहावे लागते. जोडीदाराने सोडायचे ठरवले म्हणूनच सुटणारे डाव हा शिबिरांतला सर्वात मोठा दोष आहे.

तिसरा उपयोग कमी दिसतो, पण तोच सर्वात खोल आहे. ज्युदोच्या सरावात रोज कोणीतरी आपल्याला धरते, ढकलते, दाबून ठेवते. पहिल्या आठवड्यात त्या दाबाखाली श्वास अडकतो, हातपाय गोठतात. काही महिन्यांनी त्याच दाबाखाली विचार करता येऊ लागतो. संकटात माणूस गोठतो तो ताकद कमी म्हणून नव्हे, तर तसा अनुभव शरीराला नवा असतो म्हणून. ‘मोठ्याने बोलू नकोस’ हे ऐकत वाढलेल्या मुलीसाठी पोटातून आवाज काढून ‘हात सोड’ म्हणणे, हाही एक डावच असतो.

प्रशिक्षणाने खरोखर फरक पडतो का?

पडतो, पण सगळ्या प्रशिक्षणाने नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला प्रत्येकी तीन तासांच्या चार सत्रांचे प्रशिक्षण दिले गेले, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रके मिळाली. वर्षभरात बलात्काराला सामोरे जावे लागण्याचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ९.८ टक्के होते, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के. म्हणजे जवळपास निम्मे.

या १२ तासांत शारीरिक डाव होते, पण तेवढेच नव्हते. धोका लवकर कसा ओळखायचा आणि ओळखीच्या माणसाला नाही म्हणताना येणारा संकोच कसा मोडायचा, यावर मोठा भर होता. तो का, हे आपल्याकडची आकडेवारी सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार बलात्काराच्या ९५ टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत संशयित पीडितेच्या ओळखीचा असतो. अंधाऱ्या रस्त्यावरचा अनोळखी माणूस हे शिबिरांतले आवडते चित्र; प्रत्यक्षात धोका बहुतेकदा घराच्या, शेजाराच्या, शाळेच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या ओळखीतून येतो. तिथे खांद्यावरून फेकण्याआधी ‘हे बरोबर नाही’ असे स्वतःला सांगता येणे आणि ते घरात बोलता येणे महत्त्वाचे.

आणखी एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. बदलापूरच्या घटनेतल्या मुली बालवाडीच्या वयाच्या होत्या. त्या वयात कोणताही डाव उपयोगाचा नाही. तिथे जबाबदारी शाळेची, व्यवस्थेची आणि मोठ्या माणसांचीच. मुलींना ज्युदो शिकवला म्हणून रस्त्यावरचा दिवा, डब्यातला पोलीस आणि शाळेतली तपासणी यांतून कोणाची सुटका होत नाही. आणि जिला प्रतिकार जमला नाही, तिला ‘तू शिकली होतीस ना’ असे विचारण्याचा अधिकारही कोणाला मिळत नाही.

कायदा कुठपर्यंत साथ देतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणासाठीही हा हक्क वापरता येतो. मृत्यू किंवा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड हल्ला अशा कलम ३८ मधील सात प्रकारच्या हल्ल्यांत प्रतिकार करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला, तरी तो गुन्हा ठरत नाही.

मात्र कलम ३७ मर्यादा घालते. बचावासाठी आवश्यक तेवढाच बळाचा वापर करता येतो. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. आणि धोका संपला की हक्कही संपतो. पळणाऱ्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे. त्याच वेळी संकटातल्या माणसाने प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलून करावा अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे. समोरच्याला तोडण्यापेक्षा त्याचा तोल घालवून निसटणारी विद्या या चौकटीत चपखल बसते.

कर्जत-खालापूरमध्ये हे कसे शक्य आहे?

समग्र शिक्षा अभियानात ‘राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण’ हा घटक आहे. सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने प्रशिक्षण, अशी त्याची रचना. ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या मुली ज्या आश्रमशाळांत राहून शिकतात, तिथे तर संध्याकाळचा वेळ आणि मैदान दोन्ही उपलब्ध असतात. डोंगर चढणाऱ्या, डोक्यावरून पाणी आणणाऱ्या या मुलींचा तोल आणि पायांची ताकद शहरातल्या कित्येक खेळाडूंना हेवा वाटावा अशी असते.

अडचण असते ती गादीची आणि शिक्षकाची. गादीशिवाय फेकीचे डाव शिकवणे धोक्याचे आहे. जपानमधल्या शाळांत १९८३ नंतरच्या तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्यात डोक्याला मार बसणे हे मोठे कारण होते. त्यानंतर तिथे सुरक्षेचे नियम कडक झाले. आपल्याकडे समाजमंदिराच्या फरशीवर सतरंजी अंथरून फेकी शिकवणारा वर्ग दिसला, तर पालकांनी मुलीला तिथून घरी आणावे. गादी नसेल तर कुस्तीच्या आखाड्याची मऊ केलेली माती किंवा नीट भरलेल्या जाड गाद्या चालतील. तेही नसेल, तर फक्त पकड सोडवणे, उभे राहणे, आवाज आणि बसून पडण्याचा सराव एवढ्यावर थांबावे.

वर्ग निवडताना पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात. पहिला महिना पडण्याच्या सरावात जातो का? मुलींच्या वर्गात महिला शिक्षक किंवा जबाबदार महिला हजर असते का आणि पालकांना बसून पाहता येते का? स्पर्श करण्याआधी शिक्षक सांगतात का? आणि काही महिन्यांत काळ्या पट्ट्याचे आश्वासन दिले जाते का? चौथ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर तिथे पट्टा विकला जातो, विद्या नव्हे. ज्युदोत काळ्या पट्ट्याला काही वर्षे लागतात आणि तिथून शिक्षण सुरू होते असे मानतात.

तीन दिवसांच्या शिबिराने काय साधते, याचे उत्तरही यातच आहे. ओळख होते, भीती थोडी मोडते, ११२ हा आपत्कालीन, १०९८ हा मुलांसाठीचा आणि १३९ हा रेल्वेचा क्रमांक पाठ होतो. एवढे घडले तरी शिबिर वाया गेले नाही. पण शरीराला सवय लागायला आठवड्यातून दोन दिवस आणि किमान काही महिने हवेत. शिबिराच्या प्रमाणपत्राने आलेला खोटा आत्मविश्वास भीतीपेक्षा धोक्याचा ठरू शकतो.

कानोंनी ज्युदोची दोन सूत्रे सांगितली होती. आपल्या शक्तीचा सर्वात योग्य वापर करणे हे पहिले, तर परस्परांच्या कल्याणासाठी एकत्र पुढे जाणे हे दुसरे. पहिले सूत्र मुलीने गादीवर शिकायचे आहे. दुसरे मात्र तिच्या डब्यातल्या सहप्रवाशांनी, रिक्षा थांब्यावरच्या चालकांनी, शाळेने आणि गावाने शिकायचे आहे. शेवटच्या लोकलमधून उतरलेली मुलगी घरी पोहोचते ती या दोन्हींच्या जोरावर.